सिमेंट रोड उंच झाला, पावसाचं पाणी घरात येऊन राहिलं. नागपूर मनपात नेमकं कुठं बोलायचं?

मानेवाडा_ताई
नमस्कार मंडळी, आमच्या गल्लीत दोन वर्षाआधी सिमेंट रोड झाला. रोडबद्दल तक्रार नाही, पण जुना डांबरी न खोदता त्याच्यावरच ओतला आणि आता आमचं गेट खाली अन् रोड वर. बाजूच्या नालीचं तोंड रोडपेक्षाही उंच ठेवलं, त्यामुळे पाणी नालीत जातच नाही, सरळ अंगणात उतरते. परवा रात्री दीडला सासूबाई पाणी प्यायला उठल्या तर घोट्यापर्यंत पाणी, मोरीतून गडरचं पाणी उलटं येऊन राहिलं होतं. ७४ वर्षांच्या आहेत, सकाळपर्यंत पलंगावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. मनपाच्या अ‍ॅपवर तीनदा तक्रार टाकली, तिन्ही वेळा दोन दिवसात "निराकरण झाले" असा मेसेज आला, पाहायला कोणीच नाही आलं. झोन ऑफिसला गेली तर म्हणे हे काम आमच्याकडे नाही. मग कोणासमोर बोलायचं आणि कसं बोललं म्हणजे ऐकतात?

धरमपेठ_काका
ताई, "आमच्याकडे नाही" हे ऐकून परत येऊ नका, तिथंच विचारा की मग कोणाकडे आहे, आणि ते लेखी मागा. आपल्या शहरात सगळे रोड मनपाचे नाहीत, काही नासुप्रनं म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासनं केले, काही पीडब्ल्यूडीचे म्हणजे सार्वजनिक बांधकाम विभागाचे. तुमचा लेआउट अनधिकृत लेआउट नियमित करायच्या ५७२ किंवा १९०० वाल्या यादीतला असेल तर नासुप्रचा संबंध निघू शकतो, ते आधी पाहून घ्या, नाहीतर सहा महिने चुकीच्या टेबलावर जातात. माहिती अधिकारात अर्ज टाका, दहा रुपयाचं कोर्ट फी तिकीट लावून. एकच विषय ठेवा आणि दीडशे शब्दांच्या आत लिहा. मागायचं काय तर या रोडचं इस्टिमेट, वर्क ऑर्डर, एमबी म्हणजे मोजमाप पुस्तिका, आणि दोषदायित्व कालावधी, म्हणजे ठेकेदारानं स्वतः दुरुस्ती करून द्यायची मुदत, कधीपर्यंत आहे. ३० दिवसात उत्तर द्यावं लागते, नाही आलं तर पहिलं अपील. इस्टिमेटमध्ये जुना रोड खोदायचा होता आणि खोदला नाही हे कागदावर दिसलं की तुमचं बोलणं कोणी उडवू शकत नाही. आणि अ‍ॅपवरचे ते तिन्ही मेसेज स्क्रीनशॉट काढून ठेवा, डिलीट करू नका.

डागा_लेआउटवाला
तुमचं वाचून पोटात गोळा आला. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे आम्ही हे भोगलं आहे. चार तासात १०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदी घरात शिरली. आमच्याकडे पाणी स्विचबोर्डापर्यंत होतं, अंधारात बाबांना खांद्यावर घेऊन वरच्या मजल्यावर नेलं. नंतर लोकांनी हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका टाकली म्हणून तलाव आणि नदीच्या कामावर तारखा लागल्या. पण कोर्टात उपयोगी पडले ते लोकांकडचे फोटो, वेळ आणि कुठवर पाणी होतं त्याच्या खुणा. म्हणून सांगतो, भिंतीवर पाण्याची रेघ आहे ना, ती पुसू नका, बाजूला टेप धरून फोटो काढा. आणि मेन स्विच वर चढवून घ्या, हे पहिले, बाकी अर्ज नंतर.

पोट्टा_नंदनवनचा
काकाजी बरोबर बोलले, फक्त एक जोडतो. मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली तेव्हापासून जवळपास चार वर्ष प्रशासकच होते, लोकांची सवयच मोडली नगरसेवकाकडे जायची. मग जानेवारी २०२६ ला निवडणूक झाली, तुमच्या प्रभागात एक नाही, एकापेक्षा जास्त नगरसेवक असतील, सगळ्यांना एकाच मजकुराचं निवेदन द्या, नाहीतर एक म्हणते दुसऱ्याचं काम आहे. मनपाच्या सभेत लेखी प्रश्न विचारा अशी मागणी निवेदनातच लिहा. एकटीनं जाऊ नका, गल्लीतल्या पंधरा-वीस घरांच्या सह्या घेऊन जा, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय तिथून उठू नका. महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, त्याच्यासाठी ठरलेल्या नमुन्यात पंधरा दिवस आधी अर्ज द्यावा लागते, तिथं आयुक्तांसमोर विषय मांडता येते.

मानेवाडा_ताई
सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी टेप घेऊन निघाली तर शेजारच्या काकू पण आल्या, मग अजून चार घरं. आमच्यासमोर ११ इंच फरक आहे, कोपऱ्यावरच्या घरी १४. त्यांच्याकडे तर दर पावसाळ्यात दिवाण विटांवर चढवतात आणि आतापर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं, त्यांना वाटायचं आपलंच घर खाली बांधलं गेलं. आतापर्यंत सतरा सह्या झाल्या. इलेक्ट्रिशियन उद्या येणार आहे. माहिती अधिकाराचा अर्ज आज रात्री लिहून इथंच टाकते, काका, शब्द जास्त झाले तर कापून द्याल का?

धरमपेठ_काका
टाका, वाट पाहतो. आणि ते ११ आणि १४ इंच निवेदनाच्या पहिल्याच ओळीत लिहा.