अनुभव धागा : पैसे नक्की जातात कुठे?

मे-जून आला की घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं, "यंदा खर्च जरा जास्तच झाला." हे "यंदा" दरवर्षी येतं. माझं मत असं की रोजचा चहा कुणाला बुडवत नाही. बुडवतात ते वर्षातून एकदा येणारे, तारखेसकट आधी माहीत असलेले खर्च : शाळेची फी, विमा, गौरी-गणपती, दिवाळी, वर्षाचं धान्य. त्यांची बेरीज करून १२ने भागायचं आणि तेवढी रक्कम दरमहा वेगळ्या खात्यात टाकायची, हा माझा उपाय. तुमचं काय? "कॉफी सोडा" छापाचे सल्ले नकोत. स्वतः केलेलं आणि टिकलेलं तेवढंच लिहा.

डोंबिवली
लोकलचा पास. तीन महिन्यांचा काढला तर मासिकच्या २.७ पट पडतो, वर्षाचा १०.८ पट. म्हणजे बचत दोन्हीकडे दहा टक्केच, त्यामुळे वर्षभराचे पैसे अडकवायची गरज नाही. हे ठाऊक असूनही माझ्या डब्यातल्या कितीतरी जणी दर महिन्याला पास काढतात, कारण तीन महिन्यांचे पैसे एकदम हातात नसतात. ज्याच्याकडे पैसे असतात त्यालाच स्वस्त पडतं, हे काटकसरीवर भाषण देणारे कधी सांगत नाहीत.

कोल्हापूर जिल्हा
पगारदारांचे हिशेब आम्हाला लागू नाहीत. दुधाचं बिल दहा दिवसांनी येतं, त्यावर किराणा चालतो. उसाचं बिल कायद्यानं ऊस घातल्यापासून १४ दिवसांत यायला पाहिजे. येतं कधी, ते कारखान्यावर. आलं की आधी सोसायटीचं पीककर्ज वळतं होतं, मग खताच्या दुकानाची उधारी. उरलं तर लग्नं आहेतच. आहेर कमी करता येत नाही, समोरच्यानं आपल्या कार्यात काय केलं ते वहीत लिहिलेलं असतं. आमच्या मंडळींनी एक केलं. डेअरीत स्वतःच्या नावावर खातं काढलं आणि एका म्हशीचं दूध त्यावर घालायला लागल्या. ते बिल माझ्या हातात येतच नाही. गेल्या साली पोराच्या हॉस्टेलची फी त्यातूनच गेली. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

पुणे, हिंजवडी
पगार चांगला आहे, तरी लिहितो. नो-कॉस्ट ईएमआय नावालाच. व्याजाएवढी सूट दाखवतात, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि बहुतेकदा प्रोसेसिंग फी आपल्याच माथी. रक्कम किरकोळ असते म्हणा. खरा घोळ असा की फोन, सोफा, एसी असे तीन हप्ते एकदम सुरू झाले की पगार जमा होतानाच निम्मा गेलेला असतो. आता घरात नियम : एक हप्ता फिटल्याशिवाय दुसरा नाही. आणि दहा मिनिटांत सामान आणणारं अ‍ॅप फोनवरून काढून टाकलं. कोथिंबिरीसाठी उघडायचं आणि डिलिव्हरी फुकट व्हावी म्हणून आइस्क्रीम घ्यायचं, असं चाललं होतं.

लातूर
बचत गट. दरमहा १०० रुपये, गटातलं कर्ज महिना दोन टक्क्यांनी. व्याज जास्त वाटेल, पण ते गटातच राहतं. खरं कारण वेगळंच आहे. घरात पैसे ठेवले तर सापडतात, बँकेत ठेवले तर पासबुक सापडतं. गटात ठेवले की मागणाऱ्याला तोंडावर सांगता येतं, "ते माझे नाहीत, गटाचे आहेत."

ठाणे, निवृत्त
पीपीएफ, म्हणजे सरकारी दीर्घ मुदतीचं बचत खातं, दर महिन्याच्या ५ तारखेच्या आत भरा. व्याज ५ तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सगळ्यात कमी शिलकीवर धरतात. ५ एप्रिलच्या आत वर्षाचे दीड लाख भरले तर पूर्ण वर्षाचं व्याज मिळतं.

नाशिक
काका, एप्रिलमध्ये दीड लाख कुणाकडे असतात? आमचा पगारच १० तारखेला होतो.

ठाणे, निवृत्त
मग ११ला भरा, व्याज पुढच्या महिन्यापासून धरतील. वर्षाला ५०० भरले तरी खातं चालू राहतं. "जमेल तेव्हा मोठी रक्कम भरू" म्हणणारे माझ्या ऑफिसात पुष्कळ होते, त्यांची खाती बंद पडली.

सोलापूर
अधिक महिना! २०२३ला श्रावण, २०२६ला ज्येष्ठ. पंचांगात आधीपासून छापलेला असतो, तरी जावयाचं चांदीचं वाण ऐनवेळी आणि उधारीवर. आमच्याकडे यावर चर्चासुद्धा होऊ शकत नाही, त्यामुळे उपाय नाही.

परभणी
आईचा भाजीचा गाळा आहे. पिग्मीवाला रोज संध्याकाळी येतो, ५० तर ५०, १०० तर १००. व्याज नगण्य, मुदतीआधी काढलं तर कापूनही घेतात. मी बँकेच्या आरडीत (दरमहा ठरावीक रक्कम भरायचं खातं) जास्त मिळतं म्हणून समजावलं, तर म्हणाली, "तुझी आरडी गाळ्यावर येते का?"

मिरज
भिशीबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? आमची कॉलनीतल्या बायकांची आहे, चिठ्ठ्या टाकून नंबर काढतो. एवढंच पाहा की सुरुवातीला नंबर लागणाऱ्याला बिनव्याजी कर्ज मिळतं आणि शेवटचा सगळ्यांना कर्ज देत बसतो. म्हणून शेवटचे नंबर आम्ही चालवणाऱ्या दोघींनीच घ्यायचं ठरवलंय. मध्येच कुणी हप्ता थांबवला तर आधी आमचेच पैसे अडकतात. ही नोंदणीकृत चिट फंडासारखी नसते, तक्रार घेऊन जायला जागा नाही. त्यामुळे नवीन बाईला घेताना घर भाड्याचं की स्वतःचं, हेही विचारतो. राग येतो काहींना.