१० बाय ११ च्या खोलीत ७ फुटी गेमिंग टेबल: सुताराचा प्लान बरोबर आहे का?

पिंग_नव्वद

कोथरूडला भाड्याचा फ्लॅट, चौथा मजला, लिफ्ट आहे. खोली १० × ११ फूट. ११ फुटी भिंतीला खिडकी आहे आणि टेबल तिच्याखालीच लावायचा विचार आहे. समोरच्या भिंतीला ५ फूट रुंद पलंग.

सामान: ३४ इंची अल्ट्रावाइड मॉनिटर, शेजारी २७ इंची उभा, दोन्ही आर्मवर (टेबलाच्या कडेला क्लॅम्पने धरणारा मॉनिटरचा हात). ग्लास पॅनेलचं पीसीचं कॅबिनेट टेबलावरच. टीकेएल (नंबरपॅड नसलेला) कीबोर्ड, ९०० × ४०० चा माउसपॅड, दोन छोटे स्पीकर. अधूनमधून लॉजिटेक जी २९ स्टिअरिंग. व्हॅलोरंट (नेमबाजीचा गेम) माउसच्या ८०० डीपीआयवर आणि गेममधल्या ०.३ सेन्सवर (सेन्सिटिव्हिटी). माझी उंची ५ फूट ६ इंच.

सुताराने सांगितलं आहे: ७ × २ फूट, उंची ३० इंच, १८ मिमी पार्टिकल बोर्ड, वर काळा ग्लॉसी सनमायका, दोन्ही बाजूंना बोर्डाचेच पाय. बजेट २५ हजार, आर्म सोडून. ऑनलाइन तयार टेबल घ्यावं की हेच करून घ्यावं? आणि ७ फूट पुरेल ना?

मोजपट्टी

७ फूट पुरेल, २ फूट पुरणार नाही. सगळे लांबीच्या मागे लागतात आणि खेळताना अडतं टेबलाच्या खोलीत, म्हणजे पुढून-मागच्या मापात.

आधी मागच्या कडेचा हिशोब. ३४ इंची अल्ट्रावाइड साधारण ८१ सेंमी रुंद, २७ इंची उभा केला की ३६, कॅबिनेट २४, दोन स्पीकर धरा ३६. बेरीज १७७ सेंमी. म्हणजे १८०० मिमी, सहा फुटांत सगळं बसतं. उभा मॉनिटर थोडा आत वळवला की आणखी जागा सुटते. सातवा फूट ठेवायचा तर ठेवा, पण त्यावर शेवटी कुरियरचे खोकेच जमतात.

आता टेबलाची खोली. ६०० मिमी खोलीच्या टेबलावर आर्म लावूनही मॉनिटर डोळ्यांपासून जेमतेम ५५–६० सेंमीवर येतो. ३४ इंचीला ७०–७५ हवेत, नाहीतर कोपऱ्यातला मिनिमॅप (गेममधला छोटा नकाशा) बघायला मान वळवावी लागते. शिवाय तुमचा सेन्स पाहता ३६० अंश फिरायला सुमारे ५४ सेंमी माउस सरकवावा लागतो, मागे वळायला २७. एवढा स्वाइप मनगटाने होत नाही, पूर्ण हात फिरतो. कोपर टेबलावर टेकलेलं हवं, म्हणजे कीबोर्डच्या पुढे १५–२० सेंमी मोकळी जागा हवीच. ७५० मिमी खोली घ्या.

जागेचं गणितही चुकलं आहे. १० फूट म्हणजे ३०५० मिमी. त्यातून पलंगाचे १५२५ आणि टेबलाचे ७५० गेले की खुर्चीला ७७५ उरतात. बसता येईल, पण मागे रेललात की खुर्ची पलंगाला टेकली. टेबल १० फुटी भिंतीला लावा आणि पलंग त्याच्या समोरच्या भिंतीला. मग अंतर ३३५० मिळतं आणि खुर्चीला १०७५ उरतात. शिवाय खिडकी बाजूला येते. आता खिडकीखाली बसणार असाल तर दुपारभर मॉनिटरच्या मागून डोळ्यांत उजेड, आणि गडद सीनमध्ये काही दिसणार नाही.

टीकेएल८७

उंचीबद्दल कोणी बोललं नाही. ३० इंच म्हणजे ७६२ मिमी. सुतार हे माप पाठ म्हणतात. ५ फूट ६ इंचाच्या माणसाचे पाय जमिनीला नीट टेकले की बसलेल्या अवस्थेत कोपर साधारण ६६–६८ सेंमीवर येतं. ७६ च्या टेबलावर खांदे उचलून खेळावं लागेल, किंवा खुर्ची वर करून पायाखाली पाट घ्यावा लागेल. स्टिअरिंगचे पेडल त्या पाटावर ठेवणार का?

वरचा पृष्ठभाग जमिनीपासून ६९० ठेवा, फार तर ७००. सांगण्याआधी स्वतःच्या खुर्चीवर बसून मोजा: तळवे सपाट, खांदे सैल, कोपर काटकोनात, तिथून जमिनीपर्यंत टेप.

खालची बाजूही बघा. ६९० मधून टॉपचे २० गेले, ६७० राहिले. त्याखाली पुढच्या कडेलाच ४० चा पाइप आला की ६३० उरतात आणि खुर्चीचे हात बाहेरच अडकतात. कीबोर्ड ट्रे तर मुळीच नको, माउसपॅड त्यावर मावतच नाही.

रंधा_फेविकॉल

पार्टिकल बोर्डावर काट मारा. बोर्ड वाईट असतो म्हणून नव्हे, या कामाला तो चुकीचा आहे. सतत वजन राहिलं की तो हळूहळू वाकत जातो आणि वजन काढलं तरी सरळ होत नाही. स्क्रू एकदा काढून परत लावला की पकड गेली, आणि भाड्याच्या घरात टेबल खोलावं लागणारच. आर्मचा क्लॅम्प तर छोट्या चकतीवर सगळा दाब देतो, खालचा भुसा दबून खड्डा पडतो. एमडीएफ (दाबलेल्या लाकडी तंतूंचा बोर्ड) पृष्ठभागाला छान, पण जड. १८०० × ७५० × २५ चं टॉप २५ किलोच्या पुढे जातं. कडेला पाणी लागलं की फुगतं ते वेगळंच.

काही स्वस्त तयार टॉप आतून पोकळ असतात, मध्ये कागदाची जाळी. त्यावर आर्म लावायचाच नाही.

१८ मिमी प्लाय घ्या, आयएस ३०३ या भारतीय मानकाचा. एमआर (ओल सोसणारा) ग्रेड चालतो. खिडकीतून पावसाचं पाणी आत येत असेल तर बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यालाही टिकणारा). आयएस ७१० मरीन प्लाय टेबलाला लागत नाही, तो किचन-सिंकखाली शोभतो. भवानी पेठेत टिंबर मार्केटला शीट उभी करून चारही कडा बघा: आतल्या थरांत भोकं दिसली तर ती शीट नको, क्लॅम्प नेमका त्या पोकळीवर आला तर दबणार. 'कॅलिब्रेटेड' मागा, जाडी सगळीकडे सारखी मिळते.

शीट ८ × ४ फूट, म्हणजे २४४० × १२२० मिमी. त्यातून १८०० × ७५० चं टॉप कापलं की लांब बाजूने सुमारे ४६५ मिमीची पट्टी आणि ६४० × ७५० चा तुकडा उरतो. पट्टीतून ३०० × १५०० चं मागचं पॅनेल काढा (का ते चौकटवाले सांगतील), तुकड्यातून कॅबिनेटखालचं स्टँड. एकच शीट पुरते.

सनमायका वर १ मिमी मॅट किंवा सुएड. काळा ग्लॉसी म्हणजे बोटांचे ठसे, धूळ, आणि मॉनिटरचं प्रतिबिंब खालून डोळ्यांत. मुख्य गोष्ट: खालच्या बाजूलाही लॅमिनेट हवं, ०.८ चालेल. सुतार इथे हमखास वाचवतो. एकाच बाजूला लावलं की दोन्ही बाजू ओल वेगवेगळी शोषतात आणि जूनमध्ये सरळ असलेलं टॉप ऑगस्टपर्यंत बाक घेतं. फेविकॉल लावल्यावर पूर्ण पृष्ठभागावर सारखं वजन, २४ तास. कडांना २ मिमी पीव्हीसी बँड, आणि पुढची कड ३ मिमी तरी गोल करून घ्या. हात तिथेच घासतो.

टॉप जाड दिसावं म्हणून सुतार कडेखाली ७५ मिमीची पट्टी चिकटवतात. मागच्या कडेला ती लावू देऊ नका. क्लॅम्पची खालची चकती अर्धी पट्टीवर, अर्धी हवेत राहते आणि आर्म तिरका होतो.

चौकट_आधी

टॉप १८ की २५ यावर लोक भांडतात, पण झोळ ठरतो आधारांमधल्या अंतरावर. मध्ये वजन असेल तर तो लांबीच्या घनाने वाढतो आणि जाडीच्या घनाने कमी होतो. ४ फुटांवरून ६ फूट केलं की झोळ ३.४ पट. १८ ची २५ जाडी केली की २.७ पटच कमी. म्हणजे सहा फुटी २५ मिमी टॉप हे चार फुटी १८ मिमीपेक्षा जास्तच वाकणार. जाडीवर पैसे घालण्यापेक्षा खाली पाइप द्या.

बोर्डाच्या पायांऐवजी एमएस (साध्या पोलादाचा) चौकोनी पाइप, ४० × ४०, १६ गेज (१.६ मिमी). रचना अशी:

दोन बाजूंच्या बंद चौकटी, ६५० खोल, ६५० उंच. खाली एम१० चे (१० मिमी आट्यांचे) फिरणारे पाय, उंची तिथून जुळते. दोन्ही चौकटींना जोडणारे १५०० चे दोन आडवे पाइप. पुढचा पाइप पुढच्या कडेपासून २०० आत, मागचा मागच्या कडेपासून १२० आत. पुढे २०० सोडले की खुर्चीचे हात आत जातात आणि जी २९ चे क्लॅम्प सपाट प्लायला धरतात. मागे १२० आर्मच्या क्लॅम्पसाठी. या दोघांना जोडणारे दोन आडवे तुकडे. सगळा पाइप साधारण ९ मीटर होतो, म्हणजे २० फुटी दोन नग. वजन १७–१८ किलो. फॅब्रिकेटर किलोवर भाव सांगतो, म्हणून हा आकडा लक्षात ठेवा. १८ गेज (पातळ) घालून १६ चा भाव लावला तर वजनकाटा लगेच सांगतो.

लांब पाइप बाजूच्या चौकटींना वेल्ड करू नका, एम८ बोल्टने जोडा. वेल्ड केलेली सहा फुटी चौकट बेडरूमच्या दारात वळत नाही. आतमध्ये नट वेल्ड करून घ्यायचे ते पावडर कोटिंगच्या आधी, आणि कोटिंगला देताना आट्यांत डमी बोल्ट घालून द्यायचे. नाहीतर रंग आत भरतो आणि नंतर टॅप मारत (आटे पुन्हा कापत) बसावं लागतं. भोसरीला हे काम रोजचं आहे, फक्त सांगावं लागतं.

आता ते मागचं पॅनेल. नुसत्या चौकटी पुढे-मागे घट्ट असतात, पण डावी-उजवीकडे डुगडुगतात. जोरात फ्लिक (माउसचा झटका) मारला की मॉनिटर हलतो आणि लोक आर्मला दोष देतात. ३०० उंचीचं प्लाय मागच्या पाइपला आणि दोन्ही चौकटींना बोल्टने बांधलं की हे डुगडुगणं थांबतं. भिंतीला अँगल मारण्याचा सल्ला कोणी दिला तर भाड्याचं घर आहे हे आठवा, शिवाय एएसी (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकच्या भिंतीत साधा प्लग धरतही नाही.

टॉप चौकटीला बसवताना पाइपला आरपार भोक पाडून खालून स्क्रू. सुतार हाताला येईल तो स्क्रू मारतो. ४० चा पाइप अधिक १५, म्हणजे ५५ मिमीच्या वर गेलात तर वर टोक निघालंच समजा. नको असेल तर पाइपला छोट्या पट्ट्या वेल्ड करून १६ मिमीचे स्क्रू वापरा.

तपकीर_गल्ली

वायरिंगचं थोडक्यात. ६५० वॉटचा पीसी आणि दोन मॉनिटर मिळून ८०० वॉट धरले तरी २३० व्होल्टला साडेतीन अँपिअर. ६ अँपिअरच्या सॉकेटवर चालतं. त्याच एक्स्टेंशनवर इस्त्री किंवा हीटर लावू नका, बस. यूपीएस टेबलाला टांगू नका, जमिनीवर ठेवा आणि मागे-बाजूला हवा खेळू द्या.

कॅबिनेट एका टोकाला असलं की केबल आर्ममधून फिरवून आणताना बॉक्समधली दीड-दोन मीटरची डिस्प्लेपोर्ट केबल तोकडी पडते. लांब घ्याल ती सर्टिफाइड घ्या. स्वस्त तीन मीटरच्या केबलवर १६५ हर्ट्झला स्क्रीन मधूनच काळी पडते आणि माणूस ग्राफिक्स कार्ड बदलायला निघतो. वायर जाण्याचं ६० मिमीचं भोक मागच्या पाइपच्या वर येणार नाही ना, ते कापण्याआधी बघा. हे फार वेळा चुकतं. छिद्रांचा जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) केबल ट्रे मागच्या पॅनेलच्या आतल्या बाजूला लावा.

आर्म मागे घडी केला की त्याचं कोपर टेबलाच्या मागे येतं. काहींना १५ सेंमीपर्यंत जागा लागते. टेबल भिंतीला चिकटवून ठेवणार असाल तर आर्म घेण्याआधी हे माप बघा, नाहीतर ७५० ची खोली तिथेच वाया जाईल.

बटण_दाबा

एवढ्या खटाटोपापेक्षा इलेक्ट्रिक उंची बदलणारी फ्रेम का नाही? घर बदललं तरी सोबत येते, वर हाच प्लाय बसतो.

टीकेएल८७

घ्या, पण सगळ्यात खाली किती येते ते आधी बघा. दोन टप्प्यांचे पाय साधारण ७० सेंमीच्या खाली येत नाहीत. वर टॉप धरलं की ७२, यांना हवे ६९. तीन टप्प्यांचे ६०–६२ पर्यंत येतात, तेच घ्यावे लागतील आणि ते महाग. दोन मोटरवाली घ्या, एका मोटरची सहा फुटी टॉपला नको. उंच केल्यावर थोडी हलतेच, आणि स्टिअरिंग खेळताना ते जास्त जाणवतं. वर-खाली होणार म्हणून प्रत्येक केबलला अर्धा मीटर ढील हवी.

पिंग_नव्वद

फिक्स चौकट, १८०० × ७५० × ६९० ठरवतो. टेबल १० फुटी भिंतीला. एकच शंका: टॉप बाहेरून तयार करून आणलं तर वर येईल का? जिना अरुंद आहे.

रंधा_फेविकॉल

लिफ्टच्या केबिनची आतली उंची मोजा, आणि दाराचीही. केबिन साधारण २१०० च्या आसपास असते, दार त्याहून बुटकं. १८०० चं टॉप उभं आत जातं, ७ फुटी उभं जाणार नाही. लॅमिनेटसकट वजन २० किलोच्या आसपास, दोघांत निघतं. कोपऱ्यांना पुठ्ठा बांधा, पीव्हीसी बँड पहिला तिथेच सुटतो. पूर्ण शीट मात्र घरी मागवू नका. ८ फुटी प्लाय जिन्याच्या वळणावर अडकतो आणि मग सुतार तिथेच करवत काढतो. कापणं, लॅमिनेट, बँड सगळं खालीच उरकून घ्या. घरी फक्त बोल्ट आवळायचे.