उचकी: का लागते, कशी थांबते? तुमचे अनुभव लिहा

सांजसावली
काल ऑनलाइन मीटिंगमध्ये एका बाईंना उचकी लागली. माइक बंद करायच्या, पाणी प्यायच्या, बोलायला लागल्या की पुन्हा सुरू. सगळे हसत होते, मला हसू येईना. बाबांचे ते दिवस डोळ्यांसमोर आले.

त्यांचं आतड्याचं ऑपरेशन झालं होतं. शुद्धीवर आले आणि काही तासांत उचकी लागली ती थांबेचना. प्रत्येक झटक्याला टाक्यांवर ताण. उशी पोटाशी घट्ट आवळून बसायचे आणि पुढची यायच्या आधीच डोळे मिटून घ्यायचे. झोप नाही, एक वाक्य धड पूर्ण होत नव्हतं. भेटायला येणारा प्रत्येक जण एकेक उपाय सांगून जायचा. शेवटी रात्रपाळीच्या सिस्टरनी पोटावर हात ठेवून बघितलं, तर पोट फुगून टणक झालेलं. लगेच सर्जनना फोन केला. नाकातून नळी घातली, भांडंभर हिरवट पाणी आणि हवा निघाली. थोड्या वेळाने उचकी थांबली आणि बाबा बसल्या बसल्या झोपले.

तेव्हापासून उचकी म्हटलं की मी आधी विचारते, किती वेळ झाला? तुमचेही अनुभव लिहा. साधी उचकी असो नाहीतर हट्टी.

पिंपळपार
चमचाभर कोरडी साखर. चघळायची नाही, जिभेवर ठेवून तशीच गिळायची. आमच्या घरात बाकी काही चालत नाही.

मोरपंखी
ग्लासच्या पलीकडच्या काठाने पाणी प्यायचं. कमरेत वाकून.

पिंपळपार
@मोरपंखी वाकून म्हणजे कसं? सगळं नाकात जाईल ना

मोरपंखी
नाही जात. बेसिनपाशी उभं राहा, हनुवटी ग्लासच्या आत येईल इतकं वाका आणि छोटे छोटे घोट घ्या. कपडे भिजतात थोडे. पण थांबते.

आठवा_महिना
माझा वेगळाच अनुभव. परवा रात्री पडले होते तर पोटात एकाच जागी टक टक टक, अगदी ठेक्यात. लाथ मारल्यासारखं नाही, बारीक उडी. घाबरून नवऱ्याला उठवलं. तपासणीला गेल्यावर डॉक्टर म्हणाल्या, बाळाला उचकी लागते, अगदी नेहमीची गोष्ट आहे. आता रोज त्या वेळी आम्ही दोघं पोटावर हात ठेवून बसतो.

मोरपंखी
अभिनंदन!! काळजी घे गं. डाव्या कुशीवर झोपतेस ना?

आठवा_महिना
हो ताई, झोप लागली तर :)

दूधदुभतं
जन्मल्यावरही भरपूर लागतील, तयारी ठेव. माझ्या लेकाला प्रत्येक पाजण्यानंतर लागायची. त्याला काहीच त्रास नव्हता, आम्हीच कासावीस. खांद्यावर घेऊन ढेकर काढायची, मध्ये थांबून पाजायचं, एवढंच करायचं. कोणी कितीही म्हटलं तरी सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उचकीसाठी पाणी पाजू नका. आणि दचकवणं वगैरे तर अजिबात नको.

भूलतज्ज्ञ_ताई
दोन ऑपरेशनच्या मध्ये लिहितेय, तुटक झालं तर समजून घ्या.

छाती आणि पोट यांच्यामध्ये स्नायूंचा पडदा असतो. तो अचानक आखडतो, हवा आत ओढली जाते आणि साधारण ३५ मिलिसेकंदांत स्वरयंत्राची फट खाडकन मिटते. तो मिटण्याचा आवाज म्हणजे उचकी. भराभर खाणं, पोट तट्ट फुगणं, सोड्याची पेयं, दारू, खूप हसणं, गरमवर एकदम गार, यातल्या कशानेही पडद्याच्या किंवा व्हेगस नावाच्या लांबलचक नसेला चाळवायला होतं. वर जे उपाय आलेत ते बहुतेक त्याच नसेला दुसरीकडे गुंतवतात. साखरेने घसा खरवडतो, वाकून पिताना सलग गिळावं लागतं. श्वास रोखला की रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि पडदा शांत व्हायला मदत होते. एकच उपाय सगळ्यांना लागू पडेल असं नाही.

सांजसावली, तुमच्या त्या सिस्टरना माझा नमस्कार. पोटावर हात ठेवणं हीच खरी तपासणी होती.

कृपया सगळ्यांनी लक्षात ठेवा: ४८ तासांच्या वर उचकी राहिली तर घरगुती उपाय पुरे, डॉक्टरकडे जा. मूत्रपिंड, सोडियम, पित्त, मेंदू, कधी हृदयसुद्धा, बरंच काही तपासावं लागतं. उचकीसोबत छातीत दुखणं, बोलणं अडखळणं, तोल जाणं, गिळता न येणं असेल तर ४८ तासांची वाटही बघू नका. बॅक्लोफेन, क्लोरप्रोमाझिन, मेटोक्लोप्रमाइड अशी औषधं असतात, पण ती स्वतःच्या मनाने घ्यायची नाहीत.

कानगोष्ट
व्हेगसवरून आठवलं. दादाला उचकी, थांबायची, जेवलं की परत. पोटाच्या सगळ्या तपासण्या नॉर्मल. मग कोणीतरी कानाच्या डॉक्टरांकडे पाठवलं, आम्हाला कळेना कान कशाला. तर कटिंग केलेला बारीक केस आत जाऊन कानाच्या पडद्यावर टेकला होता! चिमट्याने काढून कापसावर ठेवून दाखवला, पापणीच्या केसाएवढा. उचकी गेली. त्या नसेची एक फांदी कानातही असते म्हणे.

पिंपळपार
बाप रे. आता सलूनमध्ये कानात कापूस घालूनच बसणार.

रानवारा
चार्ल्स ऑस्बॉर्न म्हणून एक अमेरिकन शेतकरी होता, त्याला १९२२ साली लागलेली उचकी १९९० पर्यंत चालू होती. डुक्कर तोलताना सुरू झाली म्हणतात. ६८ वर्षं. त्यातही लग्न, मुलंबाळं सगळं झालं.

दूधदुभतं
६८!! झोपला कसा असेल बिचारा

निळीशाई
आईची कॅन्सरसाठी केमो चालू आहे. प्रत्येक सायकलनंतर, म्हणजे औषधाच्या प्रत्येक फेरीनंतर, उचकी लागते, रात्री जास्त. मळमळीने आधीच काही जात नाही, त्यात हे. आज तिने चमचा खाली ठेवला आणि म्हणाली, राहू दे, नको जेवायला. काय करू सुचत नाहीये म्हणून इथे लिहिलं.

मोरपंखी
निळीशाई, धीर धर गं. तू जेवलीस का?

भूलतज्ज्ञ_ताई
निळीशाई, मळमळीसाठी केमोसोबत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड बऱ्याचदा देतात. त्याने काही जणांना उचकी लागते. उद्याच त्यांच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन करा, पुढच्या सायकलची वाट बघू नका. डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं. तुम्ही स्वतः बंद मात्र करू नका.

निळीशाई
कागदावर तेच नाव आहे. डेक्सा. आम्हाला वाटलं आजारामुळेच होतंय म्हणून सांगितलंच नव्हतं त्यांना. खूप खूप आभार ताई.

पावशेर
पूर्ण श्वास घ्या, दहापर्यंत मोजा, न सोडता वर अजून थोडा घ्या, पाचपर्यंत मोजा, परत थोडा, मग सोडा. माझी हमखास थांबते.

मोरपंखी
@पावशेर आत्ताच नवऱ्यावर करून बघितलं, थांबली! पण वाकून पाणी पिणं तो आधीच करून बसला होता, त्यामुळे श्रेय कुणाचं माहीत नाही

रानवारा
डोळ्यांवर दाब द्यायचा असंही ऐकलंय?

भूलतज्ज्ञ_ताई
नको, अजिबात नको. डोळा दाबायचा नाही आणि मानेची नसही चोळायची नाही. नाडी एकदम मंदावू शकते.

सांजसावली
निळीशाई, डॉक्टरांशी बोलायच्या आधी उचकी किती वाजता लागते, किती वेळ टिकते, कुठल्या गोळीनंतर लागते हे लिहून ठेव. आणि आईला एकदम ताटभर नको, थोडं थोडं, बसवून भरव. फोन झाला की इथे कळव, मी वाट बघतेय.

निळीशाई
हो ताई. वही घेतलीये.