मदत हवी आहे: तिहुआनात स्लीव्ह, परतल्यावर कोण बघणार?
अमेरिकेत सॅन डिएगोला राहणाऱ्या बहिणीचं स्लीव्ह ऑपरेशन (वजन कमी करण्यासाठी जठराचा मोठा भाग काढून टाकणं) सीमेपलीकडे मेक्सिकोतल्या तिहुआनात ठरतंय. विमा देत नाही, सगळा खर्च खिशातून. आधीचे दोन आठवडे कमी कर्बोदकं, जास्त प्रथिनं; यकृत आकसलं नाही तर दुर्बिणीला जठराशी जागाच मिळत नाही, त्यामुळे या पथ्यात सूट नाही.

खरी काळजी नंतरची. जठर स्टेपलने जोडलेलं असतं त्या रेषेतली गळती बऱ्याचदा घरी आल्यावर कळते: ताप, डावा खांदा दुखणं, नाडी 120 च्या वर. तेव्हा जायचं कुणाकडे? बाहेर ऑपरेशन झालेल्या पेशंटला रोखीवर आधीच नोंदवून घेणारे बॅरिएट्रिक (वजन कमी करण्याची ऑपरेशनं करणारे) सर्जन सॅन डिएगोत कुणाला माहीत आहेत का? ऑपरेशनचा इंग्रजी अहवाल डिस्चार्जआधीच हातात हवा. त्यात बूजीचा (जठराचं माप ठरवायला आत घालतात ती नळी) आकार, स्टेपलर, गळती-चाचणीचा निकाल, शिवाय आणखी काय लिहून घ्यावं?