जुनी मोटरसायकल घरच्या घरी खोललीय का कुणी? या, सांगा

गंजका_बोल्ट

परवा गॅलरीत वाळलेले कपडे काढत होतो आणि खालच्या गल्लीतून जावा गेली. वाकून बघेपर्यंत वळलीसुद्धा, पण तो आवाज ओळखायला गाडी दिसावी लागत नाही. सिलिंडर एक, सायलेन्सर दोन. तेव्हापासून डोक्यात तेच चालू आहे, म्हणून धागा काढतोय.

आमच्या आप्पांची १९६८ ची जावा. म्हैसूरच्या आयडियल जावाची, मरून रंग, टाकीच्या दोन्ही बाजूंना क्रोम आणि गुडघ्याला रबर. आप्पा गेल्यावर वाड्यात जिन्याखाली पडून राहिली. तिच्यावर रद्दी, रद्दीवर आकाशकंदील, त्यावर मांजर. वाडा पाडायला दिला तेव्हा भंगारवाला दारात आला आणि धाकटा भाऊ आडवा झाला, "गाडी जाणार नाही." मग काय, दोघांनी मिळून ती टेंपोत घालून माझ्या पार्किंगमध्ये आणली.

किक हलेचना. पिस्टन जाम. प्लग काढून आत डिझेल आणि ऑइल ओतलं, आठवडाभर मुरू दिलं. मग वरच्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक पुढे-मागे, पुढे-मागे. हातोडा अजिबात नाही! एका रविवारी 'कट' असा आवाज आला आणि चाक फिरलं. भाऊ इतका ओरडला की वॉचमन धावत आला.

बोअर (झिजलेला सिलिंडर आतून कातून किंचित मोठा करणं) नाना पेठेतल्या ओळखीच्या लेथवाल्यांकडे केला, नवीन ओव्हरसाईज पिस्टन. पॉइंटचा, म्हणजे ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या संपर्काचा गॅप त्यांनीच शिकवला. गॅप मोजायचं फीलर गेज नव्हतं माझ्याकडे, तर म्हणाले, दाढीची चार पाती एकत्र धर. एक पातं साधारण ०.१ मिलिमीटर, चार झाली की ०.४. जावाला तेवढाच लागतो.

रंग नवा दिला, क्रोम नवं केलं, पण गुडघ्याचं रबर बदललं नाही. उजव्या बाजूला आप्पांच्या गुडघ्याने झिजून गुळगुळीत झालंय. भाऊ म्हणतो अर्धवट दिसतं. दिसू दे.

तुमच्या गाड्यांचं सांगा. स्कूटर, लूना काहीही चालेल.

सदू_स्पॅनर

पहिला! फोटो??

मी_मृण्मयी

मी गाडी खोलली नाही, खोलणाऱ्याशी लग्न केलंय. हे धाग्यात बसतं का माहीत नाही.

आमच्याकडे येझदी रोडकिंग. नवऱ्याने इंजिन हॉलमध्ये टीपॉयवर ठेवलं होतं, खाली लोकसत्ता. पाहुणे आले की त्यावर टेबलक्लॉथ. एकदा सकाळी मटार काढायला फ्रीजर उघडला तर शेजारी बेअरिंगं, प्लास्टिकच्या पिशवीत. आणि माझ्या केकच्या ओव्हनमध्ये इंजिनाचं अर्धं कवच!! म्हणे बेअरिंग गार केलं की आकसतं, ॲल्युमिनियम तापलं की फुगतं, मग ठोकायला लागत नाही, आपोआप बसतं. आणि खरंच बसलं हो. टुक्कन. मी बघत होते, मला पण मजा आली, पण सांगितलं नाही त्याला.

ओव्हन मात्र नवा घ्यायला लावला.

उद्यमनगरी

@मृण्मयी वहिनी 😂😂 टुक्कन!

आमची लोखंडी बुलेट, ३५० कास्ट आयर्न. मामाची. मामा सांगलीला दुधाचे कॅन लावून फिरायचा हिच्यावर. आमच्या उद्यमनगरात एक बरं आहे, पार्ट मिळाला नाही तर तोड काढून देणारा माणूस दोन गल्ल्या सोडून बसलेला असतो. क्रँकची पिन, बुश, सगळं तिथंच.

पण खरी शाळा किक मारायची. पोरं येतात, लाथा घालतात, गाडी उलटी लाथ घालते. अरे बाबांनो किल्ली चालू करा, किक हळूच दाबत जावा. टाकीपुढं अँपिअर मीटर आहे ना, त्याचा काटा एका बाजूला पडलेला असतो. तो मधे आला की थांबायचं. म्हणजे पॉइंट उघडला, पिस्टन वर आला. आता डीकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडायचा लिव्हर) दाबून किक अगदी जराशी पुढं, डीकॉम्प्रेसर सोडायचा, किक वर घ्यायची आणि मग एकच सरळ पूर्ण किक. दांडगाई नाही लागत. माझी बायको मारते, पंचेचाळीस किलोची.

गिअर उजवीकडं, ब्रेक डावीकडं. भाचा नवीन गाड्यांवर शिकलेला, थांबायला गेला आणि गिअर टाकला. शेजाऱ्यांची तुळस गेली.

सदू_स्पॅनर

तुळस 🙏

नियमात_बसतं_का

सगळे इंजिनापासून सुरू करतात. मी उलटं सांगतो, आधी कागद. विकत घेणार असाल तर पाना हातात घ्यायच्या आधी चासी नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी ताडून बघा. रंगाच्या थराखाली असेल तर खरवडा, कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घ्या. नंबर उमटत नसेल, किंवा आकडे नव्याने ठोकल्यासारखे वाटत असतील, तर गाडी कितीही गोड असो, निघा तिथून.

मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०. मालक वारलेले असतील तर ३१. आरसी हरवली असेल तर २६. पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीचं नूतनीकरण फॉर्म २५ ने, शिवाय पर्यावरण कर. दुसऱ्या राज्यातली असेल तर एनओसी, फॉर्म २८. विकणारा म्हणतो 'कागद होऊन जातील', तेव्हा समजा होणार नाहीत.

२०२१ पासून ५० वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी वेगळी व्हिंटेज नोंदणी आहे. नंबरात व्हीए अक्षरं येतात. नवीन नोंदणीला २०,००० रुपये, ती दहा वर्षं चालते. पण मग ती गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढंच. त्यामुळे आधी ठरवा, चालवायची आहे की मिरवायची.

बटाटेपोहे

वरचा प्रतिसाद वाचून घाम फुटला. मी आपलं सोफ्यावरूनच जुन्या गाड्या बघेन.

अंत्रुजकार

आमची राजदूत १७५. बाबा पायलट होते. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो, विमान नव्हे, मोटरसायकल टॅक्सी. पुढचं मडगार्ड पिवळं. फोंडा ते पणजी, मागे माणूस, माणसाच्या मांडीवर नारळ, कधी कोंबडी.

बाबांनी धंदा सोडला तशी गाडी माडाखाली गेली. खारी हवा, त्यात पाऊस. चासी पंधराची नोट असती तर विरघळली असती, इतका गंज. मी आणि चुलतभावाने ती सगळी उघडी केली, सँडब्लास्ट करून घेतली, जिथे पत्रा पातळ झाला होता तिथे वेल्डिंग. राजदूतचं एक बरं, दोन स्ट्रोकचं साधं इंजिन, पोलंडच्या एसएचएलवरून बेतलेलं. आत बिघडण्याजोगं फारसं काही नाहीच.

रंगाच्या वेळी पेंटरने विचारलं मडगार्ड काळं करू ना? बाबा खुर्चीवरून उठले, "पिवळंच." केलं पिवळं. आता मी म्हापशाच्या बाजारात गेलो की लोक हात दाखवतात आणि विचारतात, किती घेणार?

मी_मृण्मयी

पंधराची नोट कुठे मिळते? 😄

अंत्रुजकार

तीच तर गंमत ना, ताई.

उद्यमनगरी

घ्या की मग भाडं! पेट्रोलचा खर्च निघेल.

टाकीतला_उंदीर

कुणी टाकीच्या गंजाचं बोललंच नाही. बाहेरून रंग मारून मोकळे होतात आणि मग आतला गंज कार्बोरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतो. गाडी पन्नास मीटर जाते, बंद. सगळे पॉइंटला शिव्या घालतात.

मी इलेक्ट्रोलिसिस केलं. टाकीत पाणी आणि धुण्याचा सोडा, झाकणातून साध्या लोखंडाची सळई लोंबती सोडायची, टाकीला कुठेही टेकता कामा नये. बॅटरी चार्जरची धन बाजू सळईला, ऋण बाजू टाकीला. गंज सुटत जातो, पाणी काळं-तांबडं होतं, सळईवर सगळा राडा जमतो. ती अधूनमधून घासायची. दोन गोष्टी कटाक्षाने: स्टेनलेस स्टीलची सळई नको, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. आणि बंद खोलीत करू नका, हायड्रोजन निघतो. विडी ओढणाऱ्या मित्रांना लांब ठेवा.

झालं की लगेच धुवून, पूर्ण वाळवून आत तेलाचा हात फिरवा. नाहीतर एका रात्रीत परत तांबूस.

सदू_स्पॅनर

एवढं कशाला, मूठभर नटबोल्ट टाकून टाकी गदागदा हलवायची. माझा मेव्हणा बिल्डर, आम्ही गोधडीत गुंडाळून काँक्रीटच्या मिक्सरला बांधली होती. अर्धा तास फिरवली. चकाचक.

टाकीतला_उंदीर

आणि पोचे?

सदू_स्पॅनर

गोधडी जाड होती.

काकडआरती

माझ्या आजेसासूबाई तांब्याची भांडी चिंचेने घासायच्या, गाडीच्या टाकीला चिंच चालेल का? खरंच विचारतेय. घरी बरीच आहे यंदा.

टाकीतला_उंदीर

@काकडआरती काकू, आम्ल म्हणून काम करेल थोडंफार, पण चोथा आत अडकला तर काढायचा कसा? सायट्रिक ॲसिडची पावडर किराणा दुकानात मिळते, लिंबूफूल. कोमट पाण्यात घालून भरून ठेवा. चिंचेचं सार करा.

काकडआरती

बरं. सार तर होतंच.

व्ल्ताव्हाकाठी

प्रागहून लिहितोय, ट्रॅममध्ये आहे, टायपो समजून घ्या. आपली म्हैसूरची जावा ज्या मॉडेलवरून आली ते इथलं ३५३. १९२९ ला यानेचेकने कंपनी काढली, ही गाडी पन्नासच्या दशकातली. त्याचे रबर, गॅस्केट, केबल इथे आजही नव्याने बनतात. रविवारच्या जुन्या बाजारात आजोबा लोक चादर पसरून बसतात, त्यावर लिव्हर, स्पीडोमीटर, झाकणं. मी एकाला फोनवर पुण्यातल्या माझ्या काकांची जावा दाखवली, तर त्यांनी किकचा दांडा आत दाबून फिरवल्याची हाताने खूण केली. तोच दांडा किक, तोच गिअर. भाषा नाही काही नाही, आम्ही दोघं हसतोय.

स्टॉप आला. नंतर लिहितो.

पाटी_रंगारी

झिजलेलं रबर ठेवलं ते फार बरं केलं @गंजका_बोल्ट. माझं मत विचाराल तर टाकीचा रंगही ठेवायला हवा होता. हल्ली सगळ्या गाड्या पावडर कोटिंग करून, चमचमत्या, एकीसारखी दुसरी. मूळ रंग एकदाच असतो.

टाकीवरच्या रेघा स्टिकरच्या लावू नका, एवढी विनंती. मी पाट्या रंगवायचो पूर्वी. खारीच्या केसांचा लांब ब्रश, इनॅमल, आणि करंगळी टाकीवर टेकवून एका श्वासात ओढायची रेघ. मधे थांबलात तर जोड दिसतो. म्हाताऱ्या पेंटरांना शोधा, अजून आहेत गावोगाव, नंबर प्लेटचं काम गेल्यामुळे रिकामे बसलेत.

गंजका_बोल्ट

@पाटी_रंगारी रंग ठेवण्याजोगा नव्हता हो, मांजराने आणि पावसाने काही शिल्लक ठेवलं नव्हतं. रेघा मात्र हाताच्याच आहेत. जराशी वाकडी आहे डावीकडची.

पाटी_रंगारी

वाकडी असेल तर हाताचीच. मान्य.

दोन_स्ट्रोकवाला

यामाहा आरएक्स १०० वाले कुठे गेले सगळे? १९८५ ते ९६ एवढीच निघाली, आणि आज धड कागद असलेली गाडी विचारा, लाखाच्या वर सांगतात. मी कॉलेजात मित्राला हौसेनं देऊन टाकली होती. तो आता फोन उचलत नाही.

एक महत्त्वाचं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. जुने रबरी पाइप, फ्लोट चेंबरचे वॉशर मऊ पडतात, फुगतात. इथेनॉल टिकणारे पाइप घाला. आणि ते हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे पावसाळाभर गाडी उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्ब दोन्ही रिकामं करा. टू-टी, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळायचं टू-स्ट्रोकचं ऑइल, आम्ही लिटरला ४० मिली टाकतो. पूर्वी पंपावर ऑइलचं ते हाताने फिरवायचं मशीन असायचं, आठवतंय का? आता घरून बाटली न्यावी लागते आणि पंपावरची पोरं 'काका हे काय' विचारतात.

बटाटेपोहे

धाग्यात लूना चालेल म्हणालात म्हणून. माझी मावशी शाळेत शिकवायला लूनावर जायची. चढ आला की पेडल मारायची, इंजिन आणि मावशी मिळून चढ पार. गाडी अजून आहे, चालू नाही. पिस्टन फिरतो पण प्लगला ठिणगी नाही. कुठून सुरुवात करू? (सोफ्यावरून उठलोय.)

उद्यमनगरी

वा! आधी प्लग बदल, स्वस्तातलं काम पहिलं. मग पॉइंट पॉलिश पेपरने हलकेच घासून पुसून घे. मग कंडेन्सर. कॉइलला सगळ्यात शेवटी हात लाव.

नियमात_बसतं_का

आरसी कुणाच्या नावावर आहे?

बटाटेपोहे

मावशीच्या. मावशी ठणठणीत आहे, शेजारी बसून वाचतेय. म्हणतेय २९ आणि ३० भरायचा प्रश्नच नाही, दुरुस्त झाली की ती स्वतःच चालवणार.

काकडआरती

मावशींना माझा नमस्कार सांगा. कुठल्या शाळेत होत्या?

बटाटेपोहे

साताऱ्याजवळ, जिल्हा परिषदेची. तुम्ही साताऱ्याच्या का?

काकडआरती

माहेर कोरेगाव!! त्यांना विचारा, वाघ्या घेवड्याचं बी मिळेल का कुणाकडे यंदा.