नवीन यंत्राला सरकारी मदत देणारी संस्था कशी असावी?

अंबडचा गाळेवाला:
नमस्कार मंडळी. अंबड एमआयडीसीत माझा छोटा गाळा आहे, आम्ही चौघं जण. दोन वर्षांपासून कांदा चाळीसाठी सेन्सर बनवतोय. चाळीत सड आतून लागते. वरचा थर कोरडा, खणखणीत. हातभर खाली कांद्याला पाणी सुटलेलं. वास बाहेर येईस्तोवर निम्मी चाळ हातची गेलेली असते. आमची भोकं पाडलेली नळी ढिगाच्या पोटात जाते आणि ओलावा, वायू मोजत राहते. निफाडजवळच्या एका चाळीत तिने सड आठ दिवस आधी दाखवली. मालकाने खालचा कांदा उपसून बघितला तेव्हा माझाच हात थरथरत होता.

एका सरकारी योजनेत अर्ज केला. तीन वर्षांचे ताळेबंद, तारण, आणि प्रश्न काय, तर 'हे यंत्र आधी कुठे यशस्वी झालंय?' अहो, नवीन आहे म्हणूनच तर आलो! अकरा महिन्यांनी एका ओळीत नकार. पैशापेक्षा हे लागलं की यंत्र बघायला कुणी आलंच नाही. बाहेरच्या देशांत हे कसं जमवतात?

सातपूरकर:
दादा, अमेरिकेने 1982 मध्ये कायदाच केला. मोठं संशोधन बजेट असलेल्या सरकारी खात्यांनी त्यातला ठरावीक वाटा लहान कंपन्यांसाठी बाजूला काढायचा. आधी छोटी रक्कम, कल्पना चालते का तेवढंच बघायला. चालली तर मोठी. तारण नाही. इस्राएलमध्ये सरकार प्रयोगाला पैसे देतं; पुढे माल विकला गेला तर विक्रीतून रॉयल्टी देऊन फेडायचं, प्रयोग फसला तर फेड नाही.

निवृत्त लेखापरीक्षक:
मी उलट्या बाजूला बसलेलो आहे, म्हणून सांगतो. सही करणारा अधिकारी वाईट नसतो, तो घाबरलेला असतो. एक प्रयोग बुडाला की त्याच्यावर आक्षेप निघतो. न दिलेल्या पैशावर कधीच निघत नाही. मग तो ताळेबंदच मागणार. आक्षेप एकेका फाईलवर न काढता पाच वर्षांतल्या सगळ्या प्रयोगांचा एकत्र हिशेब धरायला हवा. अमेरिकेच्या संरक्षण खात्याची डार्पा बघा, नव्या संशोधनाला पैसे देणारी संस्था, 1958 सालची. तिची स्वतःची प्रयोगशाळा नाही. साधारण तीन ते पाच वर्षांसाठी आणलेली जाणकार माणसं पैसे कुठे लावायचे ते सुचवतात, आणि मुदत संपली की जातात. खुर्ची सांभाळायची नसली की माणूस धाडस करतो.

दिंडोरीची शेतकरीण:
भाऊ, अनुदान राहू द्या. बाजार समितीने दहा चाळींना नळ्या घेऊन दिल्या तर? एक हंगाम वापरल्याशिवाय आमच्याकडे कुणी विकत घेणार नाही.

अंबडचा गाळेवाला:
ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. काका, निवेदनाचा मसुदा रविवारी इथे टाकतो, तुम्ही नजर घाला. पहिली अट लिहून ठेवली आहे: यंत्र जागेवर चालताना पाहिल्याशिवाय नकार देता येणार नाही.