मदत हवी आहे : मैत्रिणीच्या हेन्स पार्टीसाठी वायनरी सहल, तेरा जणी, आणि त्यातल्या तिघी न पिणाऱ्या

नमस्कार मंडळी,

माझ्या जिवलग मैत्रिणीचं लग्न ठरलंय आणि तिच्या हेन्स पार्टीची (लग्नाआधी नवरीनं मैत्रिणींबरोबर करायची मजा) जबाबदारी मी आपणहून अंगावर घेतली आहे. तिला वाइनची मनापासून आवड आहे. नुसती प्यायची नाही. द्राक्ष कुठल्या जातीचं, ओकच्या पिंपात किती महिने मुरली, हे सगळं ती हौसेनं वाचत असते. म्हणून हॉल घेऊन गाणी लावण्यापेक्षा दिवसभराची वायनरी (जिथे वाइन बनवतात ती जागा) सहल करावी असं ठरलं.

आम्ही एकूण तेरा जणी. कॉलेजचा गट मोठा आणि दंगेखोर. तिच्या ऑफिसातल्या काही जणी आहेत, त्या आम्हाला ओळखत नाहीत. शिवाय होणारी नणंद आणि एक मावशी. एक मैत्रीण गरोदर आहे, दोघी दारूला स्पर्शही करत नाहीत, आणि एक कडक शाकाहारी आहे. तिनं परवा विचारलं, "वाइनमध्ये मांसाहारी काही नसतं ना?" मला उत्तर देता आलं नाही.

सध्याचा बेत असा : सकाळी लवकर निघायचं, पाच वायनऱ्या करायच्या, मध्ये कुठेतरी जेवायचं, अंधार पडायच्या आत परत. गाड्या आमच्याच, चालवतील न पिणाऱ्या तिघी. वायनऱ्यांना अजून काही कळवलेलं नाही.

पाच जास्त होतील का? आधी बुकिंग लागतं का, आणि हेन्स पार्टी आहे हे सांगावं की नुसता ग्रुप म्हणावं? आणि माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं : न पिणाऱ्या तिघी दिवसभर बाकीच्यांच्या पर्सा सांभाळत बसल्या असं अजिबात व्हायला नको. नवरीला त्या आमच्याइतक्याच जवळच्या आहेत. त्यांनाही दिवस आपला वाटावा यासाठी काय करता येईल? अनुभवी लोकांनी कृपया सविस्तर लिहावं.

प्रतिसाद १

मी काही वर्षं एका वायनरीच्या टेस्टिंग काउंटरवर काम केलं आहे, म्हणून आधी हिशेब मांडते. चाखायला साधारण ३० मिली ओततात. एका ठिकाणी पाच वाइन चाखल्या की १५० मिली, म्हणजे एक भरलेला ग्लास. पाच वायनऱ्या म्हणजे ७५० मिली. ताई, ही माणशी एक अख्खी बाटली झाली! वाइनमध्ये अल्कोहोल बहुधा १२ ते १४ टक्के असतं आणि एक ग्लास पचवायला शरीराला तासभर तरी लागतो, कधी जास्तच. ओतणाऱ्याचा हात सैल असला किंवा जेवताना आणखी एक बाटली उघडली, तर तेही यात मिळवा. तिसऱ्या वायनरीनंतर कुणालाच चव कळत नाही, आणि तुमची नवरी तर चवीसाठीच येणार आहे.

तीन करा. त्यातली एक मोठी, जिथे पिंपांचं तळघर आणि बाटल्या भरायची जागा नीट दाखवतात. एक लहान, जिथे स्वतः वाइन बनवणारा माणूस बोलायला भेटतो. नवरीला हीच जागा सगळ्यात जास्त आवडेल, तिथे वेळ हातचा राखू नका. तिसरी निवांत बसायला. प्रत्येक ठिकाणी सव्वा ते दीड तास धरा. तेरा जणींचं उतरणं, स्वच्छतागृहाची रांग, फोटो, पुन्हा चढणं यात अर्धा तास सहज जातो. जेवण दुसऱ्या वायनरीच्या आधी ठेवा, नंतर नाही. आणि रिकाम्या पोटी पहिला घोट कुणी घेऊ नये, निघतानाच सगळ्यांच्या पोटात काहीतरी असू द्या.

अजून एक. काउंटरवर चाखलेली वाइन थुंकायचं भांडं असतं, ते वापरण्यासाठीच असतं. वाइन पारखणारी मंडळी रोज तेच करतात. हे सगळ्यांना आधी सांगून ठेवा, म्हणजे तिथे कुणाला संकोच वाटणार नाही. चाखताना आधी फसफसणारी आणि पांढरी, मग रोझे (गुलाबी वाइन), मग लाल, गोड सगळ्यात शेवटी. उलट केलं तर लाल वाइनच्या तुरटपणापुढे पांढरी पाणचट लागते.

प्रतिसाद २

गाड्यांबद्दल स्पष्ट बोलते. न पिणाऱ्या तिघींना तुम्ही पाहुण्या म्हणून बोलावताय आणि ड्रायव्हर करून टाकताय. गरोदर मैत्रिणीला दिवसभर वळणावळणाच्या रस्त्यावर गाडी चालवायला लावणं तर मला बिलकुल पटत नाही. ड्रायव्हरसह मिनीबस घ्या. सगळ्या एकत्र प्रवास कराल, एकमेकींना न ओळखणाऱ्या बसमध्येच बोलायला लागतील. गाडी लागणाऱ्या कुणी असतील तर त्यांना पुढच्या जागा द्या.

न पिणाऱ्यांसाठी माझं मत असं आहे की त्यांच्यासाठी वेगळं काही करायचंच नाही. सगळ्यांचा कार्यक्रमच असा आखायचा, की प्यायलं नाही तरी काही हुकत नाही. वाइनमधली अर्धी गंमत वासात असते. वायनरीला विचारा, वास ओळखायचा खेळ ठेवता येईल का : लहान बरण्यांत लिंबाची साल, मिरी, व्हॅनिला, लवंग, सुकं गवत, आणि डोळे मिटून ओळखायचं. नाक तर सगळ्यांनाच असतं, आणि न पिणारीचं नाक संध्याकाळपर्यंत ताजं राहतं, त्यामुळे बहुधा तीच जिंकते. मळ्यातली फेरी, तळघर, जेवण हे सगळं सामायिकच आहे. त्यांच्यासाठी द्राक्षाचा रस त्याच नाजूक ग्लासांत द्यायला आवर्जून सांगा, प्लास्टिकच्या पेल्यात नको.

मात्र 'अल्कोहोलविरहित वाइन' लिहिलेल्या बाटलीतही अर्ध्या टक्क्यापर्यंत अल्कोहोल असू शकतं, लेबल वाचा. गरोदरपणात अल्कोहोलचं सुरक्षित असं प्रमाण नाही, त्यामुळे 'एक घोट तर घे' हा आग्रह कुणीही करणार नाही हे तुम्ही ग्रुपमध्ये आधीच सांगा. कुणाची औषधं चालू असतील तर तिनं डॉक्टरांना विचारून यावं. काही अँटिबायोटिक्सबरोबर दारू अजिबात चालत नाही.

प्रतिसाद ३

शाकाहारी मैत्रिणीचा प्रश्न अगदी रास्त आहे. वाइन गाळण्याआधी ती नितळ करण्यासाठी काही पदार्थ घालतात. त्यात अंड्याचा पांढरा बलक, दुधातलं केसीन, जिलेटिन, आणि माशाच्या वाताशयापासून काढलेलं आयसिंग्लास असू शकतं. ते गाळाबरोबर खाली बसून निघून जातं, पण वापरलेलं असतं हे खरं. बेंटोनाइट नावाची माती वापरली तर तो प्रश्नच येत नाही. प्रत्येक वायनरीला आधी लिहून विचारा, वाइन बनवणाऱ्यांना हे माहीत असतंच. कुणाला दमा असेल तर सल्फाइटबद्दलही (वाइन टिकावी म्हणून घालतात तो पदार्थ) बोलून ठेवा, काहींना त्यानं त्रास होतो.

प्रतिसाद ४

हेन्स पार्टी आहे हे लपवू नका. तेरा जणी पट्टे आणि मुकुट घालून उतरल्या की ते कळणारच, आणि काही वायनऱ्या अशा ग्रुपना वेगळ्या खोलीत बसवतात, काही घेतच नाहीत. दारात कळण्यापेक्षा फोनवर कळलेलं बरं. ई-मेलमध्ये संख्या, वेळ, किती जणी पिणार नाहीत, शाकाहारी किती, कुठला खेळ ठेवायचा आहे, केक बाहेरून आणलेला चालेल का, हे एकदाच लिहा. आगाऊ रक्कम किती, अंतिम संख्या कधीपर्यंत कळवायची आणि आयत्या वेळी दोघी गळाल्या तर काय, याची उत्तरं लेखी घ्या. शक्यतो आठवड्यातला मधला दिवस निवडा, गर्दी नसली की माणसं मनापासून बोलतात. द्राक्षतोडणीच्या दिवसांत (भारतात साधारण जानेवारी ते मार्च, उत्तर गोलार्धात इतरत्र बहुधा ऑगस्ट ते ऑक्टोबर, दक्षिणेत फेब्रुवारी ते एप्रिल) गेलात तर प्रत्यक्ष काम बघायला मिळेल, पण तिथल्यांना तुमच्यासाठी वेळ कमी असेल. आंबवण चालू असलेल्या टाक्यांपाशी कार्बन डायऑक्साइड साचतो आणि त्यानं जीव गुदमरू शकतो, म्हणून माहिती देणाऱ्याला सोडून कुणीही आत भटकू नये.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. पाचाच्या तीन केल्या. मिनीबसची चौकशी सुरू केली. वासाच्या खेळाची कल्पना तर इतकी आवडली की तिथूनच दिवसाची सुरुवात करायची असं ठरवलंय, म्हणजे पहिल्या तासाभरात सगळ्या एका पातळीवर येतील. शाकाहारी मैत्रिणीला उत्तर कळवलं, तिला खूप बरं वाटलं.

आता दोन शंका. खर्च कसा वाटायचा? न पिणाऱ्यांनी तेवढेच पैसे द्यायचे हे मला बरोबर वाटत नाही. आणि कपड्यांबद्दल काही सूचना द्यावी का? कॉलेजच्या गटानं सगळ्यांनी पांढरं घालायचं ठरवलंय.

प्रतिसाद ५

पैशांचे दोन भाग करा. बस, जेवण, खोलीचं भाडं हे बारा जणींत समान, नवरीचा वाटा त्यातच. टेस्टिंगचे पैसे फक्त चाखणाऱ्यांनी द्यायचे, आणि बाटल्या ज्या-त्या आपापल्या घेतील. आकडा आधी सांगा आणि बुकिंगच्या आधी गोळा करा. कुणाला जड जात असेल तर तिनं तुम्हाला एकटीला सांगावं असं लिहा, ग्रुपवर चर्चा नको.

पांढरं फक्त नवरीला घालू द्या, आणि तिच्यासाठीही एक गडद स्टोल जवळ ठेवा. तेरा जणींच्या घोळक्यात लाल वाइन कुठेतरी सांडणारच. तळघरात बहुधा १२ ते १५ अंश तापमान असतं, तिथे स्टोल सगळ्यांनाच लागेल. टाचांचे बूट नकोत, मळ्यात माती आणि खडी असते. बूट धुऊन आलेले असावेत. फायलोक्सेरा नावाची मुळांवरची कीड मातीबरोबर एका मळ्यातून दुसऱ्यात जाते, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिनं फ्रान्समधले बहुतेक मळे उद्ध्वस्त केले. त्यामुळे ओळींमध्ये जाऊ नका म्हटलं तर वाईट वाटून घेऊ नये. त्या दिवशी परफ्यूम कुणीच लावू नये, नाहीतर तुमच्या वासाच्या खेळाचं काही खरं नाही.

आणि विकत घेतलेल्या बाटल्या उन्हात उभ्या बसमध्ये ठेवू नका. उष्णतेनं वाइन प्रसरण पावते, बूच वर सरकतं, चव उतरते. थर्माकोलचा खोका न्या, आणि ड्रायव्हरला बस सावलीत लावायला सांगा.